एकटीला उचलता येईल अशी होडी

जोशुआ स्लोकमनं एक जुनी होडी विकत घेतली आणि मधोमध आडवी कापली. कापलेल्या बाजूला फळ्या ठोकून ती बंद केली. अर्धी होडी तयार.

हा माणूस वेडा नव्हता. १८९५च्या एप्रिलमध्ये ‘स्प्रे’ नावाच्या सदतीसेक फुटी शिडाच्या जहाजातून तो बॉस्टनहून एकटा निघाला, तो १८९८च्या जूनमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतला. असं एकट्यानं करणारा तो पहिला. त्यावर त्यानं लिहिलेलं ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हे पुस्तक १९००मध्ये आलं. आज ते कायदेशीररीत्या फुकट वाचता येतं, फोनवर सुद्धा. त्यात वादळं आहेत, चाचे आहेत, मॅजेलनची सामुद्रधुनी आहे. पण माझा आवडता परिच्छेद या अर्ध्या होडीचा आहे. ग्लॉस्टर बंदरात घेतलेली ती डोरी, म्हणजे मासेमारीची सपाट बुडाची होडी, त्यानं का कापली हे तो तीन-चार वाक्यांत सांगतो. डेकवर अख्खी होडी मावत नव्हती. अख्खी होडी एकट्याला हलवायला जड गेली असती. आणि एका माणसाला अर्धी पुरत होती. शीड वर चढवायच्याच दोरीचा आकडा होडीला अडकवला की ती डेकवरून पाण्यात आणि पाण्यातून डेकवर घेता येई. शेवटी तो जाता जाता सांगतो, की डेकवर आडवी ठेवली की हीच होडी कपडे धुवायला चालेल, आणि आंघोळीचा टब म्हणूनही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर आठवड्याला चार तरी डिझाइन डॉक्युमेंट्स वाचतो. इतकं चांगलं फार क्वचित वाचायला मिळतं. जागा किती, ताकद किती, भार किती आणि रोजचा वापर काय, चारही प्रश्नांची उत्तरं आहेत. फुशारकी एका शब्दाची नाही.

हा लेख त्या छोट्या होडीबद्दल आहे. इंग्रजीत तिला डिंगी म्हणतात. समुद्रावरच्या पुस्तकांत ती कशी दिसते, कधी दिसत नाही, आणि हलकी होडी निवडणाऱ्या माणसाला त्या पुस्तकांतून काय मिळतं, हे मला बघायचं आहे.

आधी ज्यांना हे जग परकं आहे त्यांच्यासाठी थोडं. शिडाच्या बोटीवर वर्षानुवर्षं राहणारी माणसं जगभर आहेत. बोटीवर स्वयंपाक, झोप, ऑनलाइन काम, मुलांची शाळा, सगळं. ही बोट दर वेळी धक्क्याला लागत नाही. धक्क्याला भाडं पडतं, आणि सुंदर खाडीत धक्का असतोच असं नाही. मग बोट किनाऱ्यापासून दोन-चारशे मीटरवर नांगरायची आणि उरलेलं अंतर छोट्या होडीनं कापायचं. भाजी, पिण्याचं पाणी, गॅसचा सिलिंडर, कचऱ्याची पिशवी, आजारी माणूस, सगळ्यांची वाट तीच. कोकणातल्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईहून येणाऱ्या आगबोटी कितीतरी बंदरांत काठाला लागत नसत. प्रवासी ट्रंका-बोचक्यांसकट पडावात उतरायचे आणि मग किनारा. आजच्या भाषेत ही लास्ट माइल डिलिव्हरी. फरक इतकाच, की पडाव चालवायला खलाशी असत. इथं खलाशी आपणच.

माझी मावसबहीण आणि तिचा नवरा तीन वर्षांपासून ऑकलंडला चौतीस फुटी बोटीवर राहतात. सुट्ट्यांत ते हौराकीच्या आखातात, वायहेके किंवा ग्रेट बॅरिअर बेटाच्या आडोशाला नांगरून असतात. बोट घेतली तेव्हा तिच्यासोबत आलेली रबरी डिंगी उन्हानं चिकट होऊन जागोजाग सुटायला लागली. नवी घ्यायची ठरलं. ताईनं मला फोन केला, “तू तक्ते करतोस ना, मला एक करून दे. पण पहिला रकाना मी सांगते. मला एकटीला उचलता येईल का?”

मी विचारलं, “दाजी असतातच ना सोबत?”

“तेच तर. गेल्या तीन वर्षांत मी एकदाही एकटी किनाऱ्यावर गेले नाहीये. ती डिंगी मला डेकवरून उतरवता येत नाही, इंजिन मला उचलत नाही. जायचं म्हटलं की याला विचारायचं. हा नाही म्हणत नाही रे. पण विचारावं लागतं.”

त्या एका प्रश्नामुळे मी डिंग्यांची माहितीपत्रकं, व्हिडिओ आणि पुस्तकं वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो.

माहितीपत्रक हाही एक लेखनप्रकारच आहे आणि त्याच्या सवयी ठरलेल्या आहेत. आठेक फुटी, फुगवायच्या तळाची डिंगी साधारण २५ ते ३० किलोची. दहा फुटी, अल्युमिनियमचा कडक तळ आणि भोवती हवेच्या नळ्या अशी घेतली की ४० ते ६० किलो. नळ्यांचं कापड पीव्हीसीचं असेल तर स्वस्त, पण कडक उन्हात त्याचं आयुष्य कमी. हायपालॉन म्हणून ओळखलं जाणारं कृत्रिम रबर महाग, पण ऊन सोसतं. इथपर्यंत ठीक. पण जे वजन छापलेलं असतं ते बहुतेक वेळा नुसत्या होडीचं. वल्ही, बसायची फळी, पंप, छोटा नांगर, भिजलेली दोरी, तळाशी साचलेलं पाणी यांचं वजन त्यात नसतं. इंजिन तर नसतंच. अडीच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन १३ ते १८ किलोचं. ९.९ हॉर्सपॉवरचं घेतलं की चाळीसच्या आसपास. ते हलत्या होडीत उभं राहून, हलत्या बोटीच्या कठड्यावर चढवायचं. आमच्या धंद्यात याला लॅपटॉपवर मोजलेला वेग म्हणतात. ग्राहकाच्या सर्व्हरवर काय होतं ते नंतर कळतं.

व्हिडिओंची तऱ्हा थोडी निराळी. मी पाहिले त्यांतल्या बहुतेकांत पाणी शांत, होडी कोरडी आणि उचलणारे दोघं. “दोघांनी सहज उचलता येते,” असं हसत म्हणतात. ते खोटं नाही. पण त्या वाक्यात एक घर गृहीत धरलेलं आहे, ज्यात कुणालाच एकटं कुठं जायचं नसतं.

मग मी पुस्तकांकडे गेलो. समुद्रावरच्या पुस्तकांत डिंगी दोनदा दिसते. सुरुवातीला यादीत, आणि नंतर मोठी बोट बुडाली की. मधल्या काळात ती असते, रोज वापरली जाते, पण लिहिली जात नाही. आपल्या घरातल्या कामांसारखंच. ओटा रोज पुसला जातो, तो कादंबरीत येत नाही. स्लोकमचा कपडे धुण्याचा उल्लेख मला इतका मोलाचा वाटतो तो त्यामुळे.

पण स्लोकमच्याच पुस्तकात त्या होडीची दुसरी बाजूही आहे. १८९५च्या डिसेंबरमध्ये उरुग्वेच्या किनाऱ्यावर ‘स्प्रे’ वाळूत रुतली. तिला ओढून काढायचं तर नांगर खोल पाण्यात नेऊन टाकायला हवा. स्लोकमनं जड नांगर आणि त्याची लांब दोरी त्या अर्ध्या होडीत घातली आणि लाटांतून वल्हवत निघाला. होडी भारानं भरायला लागली. त्यानं नांगर कसाबसा पाण्यात लोटला, तोच होडी उलटली. तिची कड धरून लोंबकळत असताना त्याला आठवलं, की आपल्याला पोहता येत नाही. सरळ करायला गेला की होडी पुन्हा गडगडत पालथी होई. बऱ्याच झटापटीनंतर ती सरळ झाली आणि तो वाचला.

हा प्रसंग तो विनोदानं सांगतो, म्हणून वाचक हसून पुढं जातो. मला मात्र तो पहिल्या परिच्छेदाशी जोडून वाचावासा वाटतो. ‘एका माणसाला पुरेल’ ही त्याची अट खरी ठरली. पण त्या दिवशी होडीत एक माणूस आणि एक जड नांगर होता. हलकं करताना आपण काहीतरी कमी करतो, आणि जे कमी केलं ते एक दिवस लागतं. तारण्याची ताकद, रुंदी, काठाची उंची, यांतलं काहीतरी. जवळजवळ ४६,००० मैलांच्या प्रवासात त्याला मृत्यू इतका जवळून दिसला तो भर महासागरात नाही, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, छोट्या होडीत. डिंगी घेताना हे पान उघडं ठेवावं.

आता बुडालेल्या बोटींची पुस्तकं. डूगल रॉबर्टसन हा मर्चंट नेव्हीतला माजी अधिकारी, नंतर गायी पाळणारा शेतकरी. शेत विकून, बायको लिन आणि मुलांना घेऊन तो ‘लुसेट’ या जुन्या लाकडी जहाजातून निघाला. १५ जून १९७२ रोजी गालापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेल माशांनी धडका दिल्या आणि काही मिनिटांत लुसेट बुडाली. तेव्हा जहाजावर सहा माणसं होती : नवरा-बायको, तीन मुलगे आणि एक तरुण पाहुणा. फुगवायचा तराफा सतरा दिवस टिकला. उरलेले तीन आठवडे ही सहा माणसं ‘एडनामेअर’ नावाच्या जेमतेम तीन मीटरच्या फायबरग्लासच्या डिंगीत होती. अडतिसाव्या दिवशी जपानी मासेमारी बोटीनं त्यांना उचललं. ‘सर्व्हाइव्ह द सॅव्हेज सी’ हे त्याचं पुस्तक १९७३मध्ये आलं. ती डिंगी आज इंग्लंडमध्ये फाल्मथच्या सागरी संग्रहालयात आहे.

समीक्षक म्हणून या पुस्तकाबद्दल दोन गोष्टी म्हणाव्याशा वाटतात. पहिली, एडनामेअर वाचवते कारण ती होडी आहे. तिला नाळ आहे, ती शीड घेते, तिला दिशा देता येते. रॉबर्टसननं वाऱ्याविरुद्ध गालापागोसकडे परतण्याचा नाद सोडला आणि पावसाच्या पट्ट्याकडे, उत्तरेला जायचं ठरवलं. असा निर्णय घेता येतो तो ज्याला जाता येतं त्यालाच. नुसत्या तराफ्याला वारा नेईल तिकडं जावं लागतं. दुसरी गोष्ट लिनची. ती नर्स होती. तळाला साचलेलं, पिता न येणारं घाणेरडं पाणी एनिमानं आतड्यात सोडून शरीराला पुरवायची कल्पना तिची. पण पुस्तकाचा आवाज डूगलचा आहे. निर्णय त्याच्या वाक्यांत येतात, शुश्रूषा तिच्या कृतींत. रॉबर्टसनवर हा आरोप नाही, तो प्रामाणिक लेखक आहे. पण दर्यावर्दी गद्याचं व्याकरणच असं, की कर्ता एकच. त्याच्या हातात सुकाणू असतं.

हे व्याकरण मोडणारं पुस्तक पुढच्याच वर्षी आलं. मॉरिस आणि मॅरलिन बेली हे इंग्लिश जोडपं एकतीस फुटी ‘ऑरलिन’मधून न्यूझीलंडला जायला निघालं होतं. ४ मार्च १९७३ रोजी व्हेलच्या धडकेनं पॅसिफिकमध्ये त्यांची बोट बुडाली. हाताशी एक तराफा आणि एक रबरी डिंगी. दोन्ही एकमेकांना बांधून ते जवळजवळ चार महिने तरंगत राहिले. ३० जूनला कोरियन मासेमारी बोटीनं त्यांना उचललं. ‘११७ डेज अॅड्रिफ्ट’ हे पुस्तक दोघांच्या नावावर आहे. बोट चालवण्याचं ज्ञान मॉरिसचं. पण तो खचला तेव्हा सेफ्टी पिनांचे गळ करून मासे धरणारी, कागदाचे पत्ते करून खेळ मांडणारी, पुढच्या बोटीचा आराखडा आणि परतल्यावरच्या जेवणाचे बेत लिहीत बसणारी मॅरलिन होती. तिलाही पोहता येत नव्हतं. २०२४मध्ये सोफी एल्महर्स्टनं या दोघांवर ‘मॉरिस अँड मॅरलिन’ लिहिलं. त्यात समुद्रापेक्षा त्यांचा संसार पुढं आहे, आणि तीच या घटनेची योग्य मांडणी आहे असं मला वाटतं.

डिंगीच्या दृष्टीनं बेलींचा एक प्रसंग महत्त्वाचा. सुरुवातीच्या रात्रींत त्यांनी रबरी डिंगी वल्हवत, मागं तराफा ओढत गालापागोसकडे सरकायचा प्रयत्न केला. काही रात्रींनंतर तो सोडावा लागला. रबरी होडी वल्हवणं म्हणजे काय हे ज्यानं एकदा केलंय त्याला याचं नवल वाटणार नाही. फुगीर नळ्यांवर वारा आदळतो, तळाला पाणी कापणारी धार नसते, वल्ही आखूड असतात. वल्हं ओढलं की होडी पुढं जाते आणि वल्हं उचललं की तिथंच थांबते. त्याच होडीत चढताना मात्र ती अजिबात डगमगत नाही, बोटीला घासली तरी ओरखडा उठत नाही, हवा काढली की गुंडाळून ठेवता येते. म्हणजे रबरी डिंगी वाईट नाही. पण तिला इंजिन लागतं, आणि इंजिनाबरोबर ते उचलणारे हातही.

या रांगेतलं तिसरं पुस्तक स्टीव्हन कॅलहनचं ‘अॅड्रिफ्ट’, १९८६चं. १९८२मध्ये अटलांटिकमध्ये त्याची बोट बुडाली आणि तो एकटा ७६ दिवस तराफ्यावर होता. कॅलहन स्वतः बोटींचा रचनाकार. वाचून झाल्यावर लक्षात राहते ती त्याची हतबलता. तराफा तरंगतो, पण जात नाही. परतल्यावर त्यानं घडी घालता येणारी, शीड लावता येणारी, डिंगी आणि बचाव-होडी दोन्ही कामांची रचना केली. अनुभवातून कविता करणारे पुष्कळ असतात. यानं त्यातून नकाशे काढले.

ही तीन पुस्तकं एकामागून एक वाचली की मनावर एक छाप पडते. डिंगी म्हणजे शेवटचा आधार, म्हणून ती निवडायची तर महाभयंकर दिवसासाठी. माझा वाद इथं आहे. बोट बुडण्याचा दिवस बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही. किनाऱ्यावर जायचा दिवस रोज येतो, कधी चारदा येतो. आम्ही प्रोग्रॅम लिहिताना सगळं कोलमडण्याची तयारी ठेवतोच. पण ज्या बटणावर माणूस दिवसातून वीस वेळा बोट ठेवतो ते बटण अवघड करून ठेवलं, तर त्या तयारीचं कुणाला काय? आपत्तीचं साहित्य थरारक असतं, म्हणून ते छापलं जातं, आणि छापलं जातं म्हणून आपण त्याच्यावरून वस्तू निवडतो. जे लिहिलं गेलं नाही, म्हणजे ताईनं तीन वर्षं कठड्याला टेकून काढलेल्या दुपारी, ते माहितीपत्रकातही येत नाही आणि अभिजात साहित्यातही नाही.

रोजचं लिहिणारे कुणीच नाहीत असं नाही. लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपं चोवीस फुटी ‘सेराफिन’ आणि नंतर साडेएकोणतीस फुटी ‘टालेसिन’ या इंजिन नसलेल्या बोटींतून जग फिरलं. लिननं १९८०मध्ये ‘द केअर अँड फीडिंग ऑफ सेलिंग क्रू’ नावाचं पुस्तक लिहिलं. जपानहून कॅनडाला जाताना लागलेल्या ४९ दिवसांत रोज काय शिजवलं, काय नासलं, काय टिकलं याच्याभोवती ते रचलंय. माझ्या लेखी दर्यावर्दी गद्यातला हा मोठा बदल आहे, कारण प्रवासाचं माप इथं मैलांत नसून ताटांत आहे. त्यांची टालेसिनवरची डिंगी आठ फुटी, कडक तळाची, वल्ह्यांची. तिला शीडही होतं, म्हणजे वेळ आली तर बचाव-होडी. त्यांनी निवड रोजच्यासाठी केली आणि भयंकर दिवस त्यात बसवला. क्रम महत्त्वाचा.

मग आमच्या तक्त्यात ‘आधी कुणासाठी’ हा रकाना आला आणि बाकीचे आपोआप रांगेत लागले. ताईनं घरच्या घरी एक चाचणी घेतली. भारतीय दुकानातून आणलेली दहा किलोची तांदळाची पिशवी, मग दोन, मग दोनांवर पिठाची. साधारण तीस किलोपर्यंत ती वस्तू कंबर न दुखवता एका टोकानं उचलून कलती करू शकते, ओढू शकते, कठड्यावरून दोरीनं सोडू शकते. त्यापुढं नाही. तिथं आम्ही रेघ मारली. दहा फुटी अल्युमिनियमवाल्या सगळ्या एका झटक्यात गेल्या.

दाजींची बाजू खोटी नव्हती, आणि ती इथं लिहिली नाही तर हा लेखही माहितीपत्रकच होईल. ते म्हणाले, वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे चाळीस किलो पाणी, आपण दोघं मिळून एकशे तीस, वर किराणा. समोरून पंचवीस नॉटचा वारा असताना वल्ह्यांनी येऊन दाखव. नांगरायची जागा किनाऱ्यापासून मैलभर लांब असेल तर? रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर? या प्रश्नांना हलक्या होडीकडे नीट उत्तर नाही. काही उत्तरं सवयीतली आहेत : जवळ नांगरायचं, वारा पडायची वाट बघायची, पाण्याच्या दोन फेऱ्या करायच्या. इंजिनवाल्याला वाट बघावी लागत नाही हे खरंच आहे. पण तीन वर्षं वाट कुणी बघितली, हे ताईनं एवढंच विचारलं, आणि तेही भांडणाच्या सुरात नाही.

शेवटी त्यांनी प्लायवूडची प्रॅम निवडली. प्रॅम म्हणजे टोकदार नाळ नसलेली, पुढूनही चौकोनी छाटलेली होडी. नाळ छाटल्यामुळे कमी लांबीत जास्त माणूस मावतो. स्लोकमची अर्धी डोरी तरी दुसरं काय होती? पावणेआठ फूट, साधारण २८ किलो. ती सुट्या भागांच्या संचातून घरी बांधता येते. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेनं कडेकडेनं शिवायचे, सांध्यांत इपॉक्सी भरायचं, गरज तिथं फायबरग्लासची पट्टी बसवायची. ही पद्धत १९६०च्या दशकात ‘मिरर’ डिंगीनं घराघरांत नेली. ब्रिटनमधल्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रानं तिचा प्रसार केला, म्हणून तिची शिडं लाल. सुतारकाम न येणाऱ्यांनी बैठकीच्या खोलीत होड्या बांधल्या. ताईनं मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये बांधली. दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे ठेवले, म्हणजे भरली तरी बुडणार नाही. उरुग्वेचं पान तिला मी पाठवलं होतं.

प्रॅमचे तोटेही तिनं लगेच कळवले. कडेवर पाय दिला की कलंडते, बरोबर मध्येच उतरावं लागतं. बोटीला आपटून आवाज करते, म्हणून काठाला जाड दोर गुंडाळावा लागला. चार पाहुणे आले तर दोन फेऱ्या. पण वल्हं एकदा ओढलं की होडी घसरत जाते, थांबत नाही, असं तिनं दोनदा लिहिलं.

आणि एक गोष्ट अशी, जी मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हती आणि कोणत्याच रकान्यात बसली नसती. होडी एकच असते. ताई पहिल्यांदा एकटी किनाऱ्यावर गेली, ग्रंथालयात बसली, कॉफी प्यायली, चार तासांनी परतली. तेवढा वेळ दाजी बोटीवर अडकून. त्यांना नळाच्या दुकानात जायचं होतं, दुकान बंद झालं. तेव्हा हलकी होडी घेतल्यानं घरातलं अडकणं संपलं असं काही झालं नाही. ते वाटलं गेलं. आता बाहेर पडण्याआधी दोघंही विचारतात, आणि फ्रीजवर कागद चिकटवलाय : होडी कोणाकडे, परत किती वाजता.